एकशे अठरा किलो आणि दोन गाड्या

सोळा जूनला शाळा उघडणार होती आणि त्या सकाळी शीतलला स्वतःची गाडी स्वतः चालवत अंबडला जायचं होतं. बाकी सगळं ठरलं होतं. गाडी लहान घ्यायची हे ठरलं होतं, रंग लाल हे ठरलं होतं, कर्ज तिच्या पगारातून फेडायचं हेही ठरलं होतं. साधी पेट्रोलची घ्यायची की हायब्रीड, एवढंच ठरायचं होतं आणि ते काम तिनं माझ्यावर सोपवलं. तेव्हा मार्च चालू होता. तीन महिन्यांत एक माणूस किती गोंधळ घालू शकतो याचा तिला अंदाज नव्हता. मलाही नव्हता.

शीतल माझी बायको. अंबडच्या शाळेत गणित शिकवते, पण घरची आकडेमोड माझ्याकडे आहे. मी जालन्याच्या एका दैनिकात बाजारभावाचा रकाना लिहितो. मोसंबी, सोयाबीन, तूर, सरकी. किमान दर, कमाल दर, सरासरी. माझ्या दृष्टीनं गाडी म्हणजे थोडी मोठी मोसंबी होती. दोन वाण, दोन भाव, कोणतं परवडतं ते सांगायचं.

मी दोनशे पानी वही आणली आणि त्रेचाळीस रकाने आखले. शोरूमची किंमत, विमा, नोंदणी, टायरचा आकार, डिकीची खोली, सर्व्हिसिंगचा खर्च, हॉर्नचा आवाज. हायब्रीडमध्ये पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असतात आणि ब्रेक लावला की बॅटरी आपोआप भरत जाते. तिला घरी वायर लावावी लागत नाही. हे शेवटचं वाक्य मी त्या काळात साधारण चाळीस लोकांना सांगितलं. त्यातल्या अडतीस जणांनी विचारलं, "मग रात्री चार्जिंगला कुठं लावता?"

कागदावरचा हिशेब असा निघाला. हायब्रीड तीन लाख वीस हजारांनी महाग. शीतलचं महिन्याचं फिरणं अकराशे किलोमीटर. कंपन्या जे मायलेज सांगतात ते खरं धरलं, तर हायब्रीडचे जादा पैसे पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हायला साडेसतरा वर्षं लागतात. शीतलच्या निवृत्तीला अकरा वर्षं आहेत. म्हणजे हायब्रीड परवडायची असेल तर निवृत्तीनंतरही साडेसहा वर्षं तिनं रोज अंबडला जायला हवं, शाळा आत घेवो न घेवो. मी तिला हे सांगितलं. शिवाय तिसरा पर्याय म्हणून एसटीचा आकडाही काढला होता. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे एसटी दोन्ही गाड्यांना कितीतरी मागं टाकते, हेही दाखवलं. ते दाखवायला नको होतं. त्या दिवशी जेवताना ती फक्त "भाजी घ्या" एवढंच बोलली.

हायब्रीडला करात काही सवलत मिळते का, हे विचारायला मी एका सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या साहेबांनी फॉर्म दिला.

"गाडी नंबर लिहा."

"गाडी अजून घेतली नाही. सवलत असली तर घ्यायची."

"मंग घेतल्यावर या."

"पण घ्यायची की नाही ते सवलतीवर ठरणार आहे."

"बराबर. आणि सवलत गाडी नंबरवर ठरणार आहे." त्यांनी फॉर्म परत घेतला, कारण तो वाया गेला नव्हता. मी वहीत त्या रकान्यात फुली मारली.

कागदावर भागेना, तेव्हा प्रत्यक्ष चाचणी घ्यायचं मी ठरवलं. सुदैवानं आमच्या कॉलनीत दोन्ही जातींच्या गाड्या होत्या. हायब्रीड अप्पाराव यांची. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि गाडीबद्दल ते पूर्वी कालव्याबद्दल बोलत त्याच गांभीर्यानं बोलतात. पेट्रोलची गाडी धर्मराज सरांची. ते शिकवण्या घेतात आणि कुणी काही विचारण्याआधी उत्तर देतात. दोघांचीही घरं आमच्या समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. आपल्याला जी गाडी योग्य वाटली ती शेजाऱ्यानं घेतली नाही तर आपल्या अकलेवर शंका येते, अशी दोघांची समजूत होती. त्यामुळे गाडी द्यायला दोघंही तयार झाले. अट एकच, चालवणार मालक.

चाचणीचे नियम मी टाइप करून दोघांना दिले. रस्ता एकच, जालन्याहून अंबडमार्गे कुंभार पिंपळगाव आणि परत. पंप एक, पंपावरची नळी एक, टाकी गळ्यापर्यंत भरायची, परत आल्यावर त्याच नळीनं पुन्हा गळ्यापर्यंत. जेवढं पेट्रोल बसेल तेवढं खर्च झालं. वेग साठ, एसी चालू, माणसं दोन. कुंभार पिंपळगाव निवडायचं कारण साधं होतं. ती माझी सासुरवाडी आहे, आणि उन्हात परतण्याआधी जेवणाची सोय हवी होती.

"मी येऊ का?" शीतलनं विचारलं.

"माणसं दोनच. तुझं वजन..." एवढं बोलून मी थांबलो.

"मला यात घेऊच नका," ती म्हणाली. "मला सोळा तारखेच्या आत गाडी दारात पाहिजे. आणि आता काही विचारणार पण नाही, नाही तर तुमचे आकडे बिघडतील."

हे तिनं रागात म्हटलं होतं. मी ते सहकार्य म्हणून नोंदवलं.

पहिल्या रविवारी अप्पाराव आणि मी हायब्रीडनं निघालो. ब्रेक लावला की बॅटरी भरते हे अप्पारावांना फार आवडलेलं होतं, त्यामुळे ते रिकाम्या रस्त्यावरही ब्रेक लावत. पुढे बैल नाही, ट्रॅक्टर नाही, साधा खड्डाही नाही, आणि गाडी थांबत चालली आहे.

"काय झालं?"

"काही न्हाई. भरून घेऊन राह्यलो."

अंबडच्या अलीकडे मागच्या जीपवाल्यानं तीन वेळा आमचा ब्रेक सोसला. चौथ्या वेळी तो शेजारी आला, काच खाली केली आणि अप्पारावांच्या घराण्याबद्दल सविस्तर बोलला. अप्पारावांनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर पडद्यावरची हिरवी पट्टी मला दाखवली. "बघा, त्याच्यामुळं एक दांडी वाढली."

सासुरवाडीला आमचं स्वागत नेहमीसारखंच झालं, फक्त मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाई नंदाबाईंनी, आमच्या मागं पाहिलं. "शीतल न्हाई आली?"

"नाही, या वेळी फक्त गाडी आणली."

मामींनी गाडीकडे पाहिलं. मामांनी, म्हणजे सासरे काकासाहेबांनी, गाडीला एक फेरी मारली आणि किंमत विचारली. मी अचूक सांगितली. अचूक किंमत सांगताना माझा चेहरा आपोआप खुलतो, ही माझी व्यवसायातली सवय आहे. तिचा पुढे भलताच अर्थ लागेल हे मला कसं कळणार?

खरी अडचण निघताना झाली. आमच्याकडे जावई रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. मेहुणा कल्याण डिकीत ज्वारीचं पोतं ठेवायला लागला. मागं तुरीची डाळ, मोसंबीच्या दोन जाळ्या, कुरडयांचा डबा, कैऱ्या.

"हे चालणार नाही," मी म्हणालो. "वजन वाढलं की आकडा बदलतो."

"जावईबापू," काकासाहेब म्हणाले, "तुमची गाडी रिकामी गेली तर गाव मला काय म्हणंल?"

मी मधला मार्ग काढला. घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक वस्तू मोजून घ्यायची. कल्याणचा मोसंबी तोलायचा काटा ओट्यावरच होता. मी स्वतः पोतं काट्यावर ठेवलं, वाचलं, वहीत लिहिलं. मग डाळ. मग कैऱ्या, त्यातली एक गडगडत गेली तेव्हा ती आणून पुन्हा ठेवली. गल्लीतली पाच-सहा माणसं जमली. वीस मिनिटं तोलणं चाललं. शेवटी मी बेरीज वाचली. एकशे अठरा किलो.

"पुरे का दाजी?" कल्याणनं विचारलं. त्याचा आवाज जरा वेगळा वाटला, पण मी तेव्हा दशांश चिन्हात होतो.

एकशे चव्वेचाळीस किलोमीटरला पाच लिटर नऊशे. हायब्रीडचं मायलेज चोवीस पूर्णांक चार. अप्पारावांनी पंपावरच्या माणसाशी हस्तांदोलन केलं.

आता दुसऱ्या रविवारी पेट्रोलच्या गाडीलाही तेवढंच ओझं हवं, नाही तर तुलना अन्यायाची होते. म्हणून मी शुक्रवारी कल्याणला फोन केला.

"रविवारी येतोय. या वेळी दुसरी गाडी आहे, पेट्रोलची. तिलाही तेवढंच लागेल."

"तेवढंच म्हंजे?"

"एकशे अठरा किलो. कमी नको. जास्त झालं तरी अडचणच आहे."

त्यानं आकडा दोनदा विचारून घेतला. मग तो म्हणाला, "अण्णाला सांगतो." अण्णा म्हणजे काकासाहेब.

धर्मराज सरांनी गाडीत बसताच सांगून टाकलं की पेट्रोलला तोड नाही. अंबड यायच्या आत मला घामानं वही धरवेना. बाहेर त्रेचाळीस अंश होतं.

"सर, नियमात एसी चालू आहे."

"चालूच आहे. आकडा शून्यावर आहे."

"शून्यावर म्हणजे बंद."

"शून्य ही संख्या आहे की न्हाई? मंग?"

मी काच खाली करायला गेलो तर त्यांनी हात धरला. काच उघडली की वारा आत येतो आणि गाडीला ओढतो, असं ते म्हणाले. पिंपळगावला पोचलो तेव्हा मामींनी आम्हाला ओळखायला थोडा वेळ घेतला.

या वेळी ओट्यावर सगळं तयार होतं. तोललेलं, बांधलेलं, वर चिठ्ठ्या लावलेल्या. एका पिशवीवर 'सहाशे ग्रॅम मुरमुरे, वजन जुळवायला' असं लिहिलं होतं. मला भरून आलं. एवढा काटेकोरपणा मला ऑफिसातही मिळत नाही. मी सगळ्यांसमोर तसं बोललोही. काकासाहेबांचे धाकटे भाऊ साहेबराव खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "जावयाचं समाधान झालं म्हंजे झालं." जेवताना कुणी आग्रह केला नाही. कल्याण मात्र गाडी सावलीला लावतो म्हणून सरांकडून किल्ली घेऊन गेला.

परत आल्यावर पंपावर टाकी भरली. साडेचार लिटर बसलं. मी दोनदा विचारलं, नळी तीच होती. एकशे चव्वेचाळीस भागिले साडेचार, बत्तीस. साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज बत्तीस.

इथं कोणत्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. सरांना स्वतःला रोज पंधरा मिळत होतं. पण मी आकडा स्वतः मोजला होता, आणि मी मोजलेल्या आकड्यावर शंका घ्यायची मला सवय नाही. कॉलनीच्या ग्रुपवर मी निकाल टाकला. हायब्रीड चोवीस पूर्णांक चार, पेट्रोल बत्तीस. सविस्तर अहवाल मागाहून. दहा मिनिटांत धर्मराज सर किलोभर जिलेबी घेऊन घरोघर फिरले. अप्पारावांच्या दारात त्यांनी दोनदा बेल वाजवली. अप्पारावांनी खिडकीतून सांगितलं की मला साखर आहे. नंतर ते खाली येऊन आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. दोन घरांनी माझ्या भरवशावर हायब्रीडची चौकशी सोडून दिली.

सोमवारी सकाळी काकासाहेबांचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला, कारण हातात अहवाल होता. शीतल समोर चहा पीत होती.

"जावईबापू, बराबर पोचले ना? त्या गाडीत कल्याणला पेट्रोल टाकायला लावल्तं. फवाऱ्यासाठी आणून ठेवल्तं घरात. डबा पाच लिटरचा व्हता, पण चारच बसलं. राग मानू नका."

साडेचार आणि चार, साडेआठ. एकशे चव्वेचाळीस भागिले साडेआठ, सतराला थोडं कमी. हा हिशेब मी मनात करत होतो, तेवढ्यात काकासाहेब पुढं बोलले.

"आणि गाडीचं म्हणाल तर आम्हाला समजलं. दोन गाड्या दारात आणून दाखवल्या, किमती सांगितल्या. तोंडानं मागितलं न्हाई, तुमचा मोठेपणा. बावीस वर्षांत तुम्ही काही मागितलं न्हाई, मंग आता न्हाई कसं म्हणू? फक्त दोन्हीतली कोणती, ते सांगा. मोसंबीचा बहार हाती आला की बघू."

फोन ठेवल्यावर शीतलनं कप खाली ठेवला. "तुम्ही माझ्या बापाकडं गाडी मागितली?"

"मी तुलना करत होतो."

तिनं माझ्या हातातला अहवाल ओढून वाचला. "एकशे अठरा किलो ज्वारी-डाळ मोजून घेतली?"

"डाळ त्यातली फक्त नऊ."

मी इथं एक नोंद करतो. पूर्ण अचूक उत्तर देऊनही माणूस अडचणीत येऊ शकतो.

तिसऱ्या रविवारी आम्ही दोघं एसटीनं पिंपळगावला गेलो. तिसरी गाडी दारात नेणं मला योग्य वाटलं नाही. ओट्यावर काकासाहेब, साहेबराव, कल्याण आणि भावकीतली चार माणसं बसली होती. दाराआड मामी.

"या," साहेबराव म्हणाले. "आज गाडी न्हाई? समद्या दाखवून झाल्या वाटतं."

मी उभ्यानंच वही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं. किंमत, फरक, साडेसतरा वर्षं, टाकी गळ्यापर्यंत, नळी एकच. वाचायला बारा मिनिटं लागली. साहेबरावांनी मान डोलवत ऐकलं.

"म्हंजे तुम्ही मागून न्हाई राह्यले?"

"बिलकूल नाही."

"मंग आमचं देणं काट्यावर कशापायी घातलं?"

"दोन्ही गाड्यांत ओझं सारखं हवं म्हणून."

"मंग वाळू भरायची ना दोन गोण्यात."

त्रेचाळीस रकान्यांत मला वाळू सुचली नव्हती. कल्याण आधी हसला, मग दाराआडून मामी, मग सगळीच भावकी. साहेबराव खांबाला धरून उठले आणि पुन्हा बसले. मी वहीत बघत राहिलो, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते कळेना.

काकासाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पण ही गाडी चालवणार कोण?"

"शीतल," मी म्हणालो.

"आं? मंग आम्ही तुम्हाला काहून पुसून राह्यलो?" ते मुलीकडे वळले. "बाई, तुला कोणती पाह्यजे?"

"अण्णा, मी गुरुवारीच बुक केली."

आता हसणं थांबलं. मीही वही मिटली.

"कोणती?" मी विचारलं. तीन महिन्यांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.

"पेट्रोलची. लाल."

"पण आकडा तर चुकला होता. खरं मायलेज सतरा निघालं. अजून तुलना पूर्ण..."

"मी शोरूमला एकच विचारलं, सोळा जूनच्या आत कोणती देता? हायब्रीडला चार महिने थांबावं लागतं म्हणाले. ही बारा तारखेला देतात."

मी वही पुन्हा उघडली आणि सगळे रकाने एकदा तपासले. हॉर्नचा आवाज होता, डिकीची खोली होती. गाडी मिळणार कधी, हा रकाना नव्हता. रोज वेळेत मजकूर देणारा माणूस मी, आणि तारखेचाच रकाना राहिला.

"मला आधी सांगायचं ना," मी म्हणालो.

"तुमची चाचणी चालू होती. मध्ये बोललं तर आकडे बिघडतात."

काकासाहेबांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "पैसे?"

"माझ्या पगारातून. तुमचा एक रुपया नको. बहार आला की बोअरचं काम करून घ्या."

"मंग मी नारळ तरी आणतो," काकासाहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चालंल ना जावईबापू? का तोलून आणू?"

सोळा जूनला सकाळी सव्वानऊला शीतल गाडीत बसली. तिच्याबरोबर रोज बसनं जाणाऱ्या शाळेतल्या चार शिक्षिका आधीच आत बसल्या होत्या. मी पहिल्या दिवसाचं मायलेज नोंदवायला बरोबर जाणार होतो, पण जागा उरली नव्हती. गाडी मागं घ्यायची होती. अप्पाराव डावीकडून "या, या" करत होते, धर्मराज सर उजवीकडून "थांबा, थांबा" करत होते. महिनाभरानंतर दोघं एका कामात एकत्र आले होते आणि दोघांचे हात उलट दिशेनं हलत होते. शीतलनं काच खाली केली.

"तुम्ही तिघंही जरा गेटच्या आत व्हा."

आम्ही आत झालो. तिनं एका दमात गाडी रस्त्यावर काढली आणि गेली.

दहाला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. "पोचले."

"सत्तावीस किलोमीटरला स्क्रीनवर मायलेज किती दाखवलं?"

"बघायचं राहिलं. आमच्या गप्पा चालू होत्या." मागून चौघींचं हसणं ऐकू येत होतं, आणि कुणीतरी दार लावल्याचा आवाज.

मी नवीन पान काढलं. तारीख लिहिली, अंतर लिहिलं. मायलेजच्या रकान्यात थोडा वेळ पेन टेकवून ठेवलं आणि मग जे कळलं होतं तेच लिहिलं: गप्पा.